शोभेच्या झाडांना बळ कुठून येते?

(शोभेची फुलझाडे आणि त्यांची रोगप्रतिकारशक्ती या विषयावरील व्याख्यानाचे हे शब्दांकन.)

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. गव्हावरचा तांबेरा, द्राक्षावरची भुरी, कपाशीवरची बोंडअळी यांची चर्चा आपण नेहमी ऐकतो. त्यात शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट गुंतलेले असतात. पण शोभेच्या फुलझाडाला रोग झाला तर कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आरंभीच त्याचे उत्तर देतो.

पीक दरवर्षी नवे पेरता येते. यंदाचे वाण फसले तर पुढच्या वर्षी दुसरे घेता येते. रस्त्याच्या कडेचे, शाळेच्या आवारातले किंवा देवळापुढचे झाड मात्र एक पिढी लावते आणि पुढच्या दोन पिढ्या त्याच्या सावलीत बसतात. तेथे झालेली चूक लक्षात यायलाच वीस वर्षे लागतात. दुसरी गोष्ट अशी की, शेतातली फवारणी वस्तीपासून काही अंतरावर होते. बागेतली फवारणी आपल्या खिडकीखाली होते. ज्या झाडाखाली सकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात आणि संध्याकाळी मुले खेळतात, त्या झाडाला दर पंधरवड्याला औषध मारावे लागत असेल, तर त्या शोभेची किंमत आपण नीट मोजलेली नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की भरभरून फुलेल आणि औषधावाचून निरोगीही राहील असे झाड मिळवायचे कसे?

उपचार आणि वंश

झाडांच्या आजारांचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'वृक्षायुर्वेद' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. अतिथंड वारा आणि प्रखर ऊन यांनी झाडे आजारी पडतात, त्यांची पाने फिकट होतात, फांद्या सुकतात आणि रस पाझरू लागतो, अशी लक्षणे त्यात नोंदलेली आहेत आणि त्यांवरचे उपचारही दिलेले आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी झाडाकडे एक रुग्ण म्हणून पाहण्याची ही दृष्टी होती, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

आधुनिक वनस्पतिशास्त्राने त्याला दुसऱ्या मार्गाची जोड दिली. आजार झाल्यावर उपचार करण्याऐवजी, ज्याला तो आजार सहजासहजी होणारच नाही असे झाड निर्माण करायचे. हा मार्ग वंशसुधारणेचा आहे. तो अधिक कष्टाचा आणि फार संथ आहे, पण एकदा साधला की त्याचे फळ दीर्घकाळ मिळते. या मार्गाचे अतिशय बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. ते मी थोडे तपशिलाने सांगणार आहे, कारण त्या कथेचा धागा शेवटी थेट आपल्या सह्याद्रीपर्यंत येऊन पोहोचतो.

एक सुंदर, पण नाजूक झाड

मुलाबाळांकडे अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे टेक्सास, जॉर्जिया किंवा कॅरोलिना राज्यांत जाऊन आलेल्या मंडळींनी एक झाड नक्की पाहिले असेल. ऐन उन्हाळ्यात, इतर झाडांचा बहर ओसरल्यावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि घराघरांच्या अंगणात गुलाबी, जांभळ्या, पांढऱ्या फुलांचे तुरे डोलत असतात. पाकळ्या चुरगळलेल्या तलम कापडासारख्या दिसतात. हे झाड म्हणजे क्रेप मर्टल. आपल्याकडच्या बागांतही ते झुडपाच्या रूपात लावले जाते.

त्याचे शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया इंडिका. स्वीडनचा लॅगरस्ट्रोम नावाचा व्यापारी पूर्वेकडच्या वनस्पतींचे नमुने मिळवून देत असे. त्याच्या स्मरणार्थ लिनियसने १७५९ मध्ये हे नाव ठेवले. नावात 'इंडिका' असले तरी हे झाड मुख्यतः चीनकडचे. पूर्वेकडून आलेल्या बहुतेक वस्तूंना 'भारतीय' म्हणण्याची युरोपात तेव्हा रीतच होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ते अमेरिकेत चार्ल्सटन येथे नेले. तेथील उष्ण उन्हाळा त्याला मानवला आणि पाहता पाहता ते दक्षिणेचे लाडके झाड बनले.

मात्र या झाडात एक मोठे वैगुण्य होते, ते म्हणजे भुरी. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हा शब्द समजावून सांगायला नको. द्राक्षावरची बुरशी वेगळी आणि या झाडावरची वेगळी. परंतु दोघींची रीत सारखीच. हवेत दमटपणा असला, रात्री गारवा असला आणि झाड दाटीत किंवा सावलीत असले, की कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर चढतो. पाने वेडीवाकडी होतात, कळ्या न उमलताच गळून पडतात. ज्या फुलांसाठी झाड लावले, तीच हाती लागत नाहीत. गंधकाची किंवा अन्य बुरशीनाशकाची फवारणी केली की काही दिवस बरे, पुन्हा पालवी फुटली की पुन्हा भुरी. कितीतरी वर्षे हे चक्र चालू होते.

फुलांचे रंग अनेक होते, पण या जातीत भुरीला पुरून उरेल असे बळ पुरेसे नव्हते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. माणसाने शतकानुशतके हे झाड निवडले ते फुले पाहून. ज्याची फुले मोठी त्याची कलमे बांधली, ज्याचा रंग गडद त्याची रोपे वाटली. पानांच्या बळाकडे कोणी पाहिले नाही. एका गुणाचीच निवड करत राहिले, की बाकीचे गुण हळूहळू मागे पडतात. वनस्पतींच्या बाबतीत हा नियम कठोरपणे लागू होतो.

बेटावरून आलेले बी

यातून मार्ग काढण्यास ज्यांचे काम कारणीभूत झाले, ते जॉन क्रीच हे अमेरिकी कृषिखात्यातले वनस्पती-शोधक होते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या हाती सापडले आणि पोलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांना दिवस काढावे लागले. तेथेही त्यांनी आपली उद्यानविद्या सोडली नाही. छावणीत भाजीपाला पिकवून त्यांनी आपल्या अर्धपोटी सहकाऱ्यांच्या अन्नात भर घातली आणि या कामासाठी पुढे त्यांना लष्करी पदकाने गौरवण्यात आले. हाती असलेली विद्या कोणत्याही परिस्थितीत समाजाच्या उपयोगी आणावी, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

हेच क्रीच १९५६ साली जपानच्या दक्षिणेकडील याकुशिमा बेटावर गेले. हे डोंगराळ बेट मुसळधार पावसासाठी आणि पुरातन अरण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे क्रेप मर्टलचे एक रानटी भावंड वाढते, लॅगरस्ट्रोमिया फॉरिई. फुले लहान आणि पांढरी. बागेत मुद्दाम लावावे असा रंगाचा थाट त्यात नाही. पण खोडाची साल सोलून निघते आणि आतून दालचिनीसारखा तांबूस गुळगुळीत बुंधा दिसतो. या वर्गातल्या झाडांना जपानी भाषेत 'सारुसुबेरी' म्हणतात. म्हणजे ज्यावरून माकडही घसरेल असे झाड. क्रीच यांनी तेथून बी आणले.

त्या बियांपासून वाढलेल्या झाडांचे एक वैशिष्ट्य पुढे ध्यानात आले. शेजारची क्रेप मर्टलची झाडे भुरीने पांढरी पडत असताना, ही झाडे बहुतांशी स्वच्छ राहत. दमट हवेच्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेल्या त्या रानटी झाडाच्या अंगी असे काही होते, की जे बागेतल्या देखण्या भावंडाजवळ नव्हते.

बावीस वर्षांची तपश्चर्या

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ नावाचे संशोधक होते. त्यांनी या दोन जातींचा संकर करण्याचे काम हाती घेतले. संकर हा शब्द आपण सहज उच्चारतो, म्हणून त्यामागचे काम काय असते ते थोडक्यात सांगतो.

कळी उमलण्यापूर्वीच ती नाजूक हाताने उघडून तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, म्हणजे स्वतःचेच परागकण तिच्यावर पडत नाहीत. मग दुसऱ्या जातीचे परागकण तिच्या कुक्षीवर ठेवायचे. मधमाशीने आणखी कोणाचे पराग आणू नयेत म्हणून फूल पिशवीने झाकायचे आणि त्यावर नोंदीची चिठ्ठी बांधायची. बोंड पिकले की बी काढून पेरायचे. असे एका फुलाचे नव्हे, शेकडो फुलांचे.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. संकरातून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते. एकाला आईचा रंग आणि बापाचे बळ मिळते, दुसऱ्याला नेमके उलटे. कोणाला कोणते गुण मिळाले हे आधी सांगता येत नाही. म्हणून रोपे उघड्यावर लावायची आणि त्यांना बुरशीनाशक द्यायचेच नाही. रोग येऊ द्यायचा. जी रोपे त्यात दबली ती उपटून टाकायची. जी टिकली त्यांची फुले, फांद्यांची ठेवण, साल, थंडी सोसण्याची ताकद वर्षानुवर्षे नोंदत राहायचे. त्यातून निवडलेल्या मोजक्या झाडांची पुन्हा निरनिराळ्या हवामानांत परीक्षा घ्यायची. शेवटी जे एखादे झाड उरते, त्याचे बी लावून चालत नाही, कारण बियांतून गुण पुन्हा विखुरतात. त्याची छाट कलमे करूनच ते वाढवावे लागते.

या साऱ्या खटाटोपातून १९७८ साली 'नॅचेझ' आणि 'मस्कोगी' हे दोन वाण बाहेर पडले. नॅचेझची फुले शुभ्र, मस्कोगीची फिकट जांभळी. दोन्ही भुरीला चांगलाच प्रतिकार करणारे. १९८१ मध्ये प्रवाळी गुलाबी रंगाचा 'टस्करोरा' आला. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची नावे या वाणांना देण्याची प्रथा एगॉल्फ यांनी पाळली. सरकारी संस्थेत तयार झालेली ही झाडे रोपवाटिकांना वाढवण्यासाठी देण्यात आली आणि आज त्या देशाच्या दक्षिणेत नॅचेझ रस्तोरस्ती दिसतो.

याकुशिमाहून बी आले १९५६ मध्ये आणि पहिला संकरित वाण लोकांच्या हाती पडला १९७८ मध्ये. मध्ये बावीस वर्षे गेली. एगॉल्फ १९९० साली निवर्तले. त्यानंतर मार्गारेट पूलर यांनी त्याच संस्थेत हे काम पुढे चालवले. व्यक्ती गेली तरी काम थांबले नाही, कारण नोंदी होत्या, झाडे होती आणि संस्था होती. वृक्षसुधारणेचे काम करणाऱ्याला आपल्या श्रमाची पूर्ण फळे पाहायला मिळतीलच असे नाही. तरीही जो ते निष्ठेने करतो, त्याच्यावरच असे काम उभे राहते.

रोगातून वाचलेले एक झाड

प्रतिकारशक्ती नेहमी परदेशातूनच आणावी लागते असे मात्र नाही. कधी ती आपल्याच रानात दडलेली असते. अमेरिकेच्या पूर्व भागात डॉगवुड नावाचे फुलझाड आहे. व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिना या राज्यांचे ते राज्यपुष्प. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर करप्यासारखा एक बुरशीजन्य रोग आला. पाने डागाळत, मग डहाळ्या सुकत आणि शेवटी झाडच मरत असे. मेरीलँडमधल्या कॅटॉक्टिन डोंगरावरच्या रानात या रोगाने डॉगवुडची दाणादाण उडवली. पण मेलेल्या झाडांच्या त्या गर्दीत संशोधकांना निरोगी झाडही आढळले. टेनेसी विद्यापीठाने त्याची कलमे करून, रोगाशी पुन्हा झुंजायला लावून परीक्षा घेतली आणि त्यातून 'ॲपलाचियन स्प्रिंग' हा वाण मिळाला.

रोगाची साथ येते तेव्हा आपण मेलेली झाडे मोजतो. जे जगले ते का जगले, हे विचारणारा मनुष्य विरळा. वाणसुधारणेची सुरुवात बहुधा त्याच प्रश्नातून होते. आणि तसे झाड सापडण्यासाठी रानात बियांपासून आपोआप वाढलेली, परस्परांहून वेगळी अशी पुष्कळ झाडे असावी लागतात. रानच तोडले गेले असते, तर वाचलेले झाड शोधायचे तरी कुठे?

सावधगिरीचे दोन धडे

आतापर्यंतची कथा यशाची झाली. तिची दुसरी बाजू सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील.

पहिला धडा असा की, रोगप्रतिकार म्हणजे अमरत्व नव्हे. एका रोगाला तोंड देणारे झाड दुसऱ्यासमोर दुबळे ठरू शकते. २००४ साली टेक्सासमध्ये क्रेप मर्टलवर पूर्व आशियातून आलेली एक खवले कीड आढळली. ती खोडावर व फांद्यांवर पांढऱ्या पुटासारखी बसते, रस शोषते आणि तिच्या चिकट स्रावावर काजळी धरून सारे झाड काळवंडते. भुरीला जुमानत नसलेली झाडे या किडीपुढे निष्प्रभ ठरली. रस्तेच्या रस्ते एकाच झाडाने भरलेले असल्यामुळे तिला पसरायला मोकळे रान मिळाले. गव्हाच्या बाबतीतही असेच घडले होते. तांबेऱ्याविरुद्ध जगभर ज्या एका जनुकावर मोठी भिस्त होती, त्याला न जुमानणारा नवा तांबेरा १९९८ साली युगांडात सापडला. बुरशीही जिवंत आहे, तीही बदलते. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही.

दुसरा धडा अधिक कडू आहे. अमेरिकेतल्या नासपतीच्या बागांवर एक जिवाणूजन्य रोग पडत असे. फांद्या आगीत होरपळल्यासारख्या काळ्या पडत. त्याला प्रतिकार करणारे खुंट मिळावेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधून एका रानटी नासपतीचे बी आणले गेले. त्यातले एक झाड इतके देखणे निघाले की, १९६३ साली कृषिखात्याने ते 'ब्रॅडफर्ड' या नावाने शोभेचे झाड म्हणून प्रसृत केले. वसंतात पांढऱ्या फुलांनी ते डवरे, रोगांना फारसे बळी पडत नसे, कुठल्याही मातीत येई. एकाच झाडाची ती कलमे असल्यामुळे आपापसांत फळधारणाही होत नसे. लक्षावधी घरांपुढे ते लागले.

पुढे त्याच जातीचे आणखी वाण बाजारात आले. त्यांचे परस्परांत परागीभवन होऊ लागले, फळे धरली, पक्ष्यांनी ती खाऊन बी दूरवर नेले आणि पडीक जमिनी, रानांच्या कडा काटेरी नासपतीच्या जाळ्यांनी भरून गेल्या. फांद्या कमकुवत असल्याने वादळात मूळ झाडेही फाटू लागली. ओहायो राज्याने २०२३ मध्ये आणि पेनसिल्व्हेनिया व दक्षिण कॅरोलिना यांनी २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आणली. ज्या काटकपणाचे कौतुक झाले, तोच परक्या भूमीत उपद्रवाला कारण झाला.

यावर आपण हसण्याचे कारण नाही. आपल्याकडची घाणेरी आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या बागेत आणली. तिलाही रोग फारसे सतावत नाहीत. आज देशभरातल्या रानांत तिने किती जागा व्यापली आहे, हे सह्याद्रीत भटकंती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि एकच परदेशी झाड ओळीने लावण्याचा परिणाम मुंबईकरांनी गेल्या दशकात पाहिला; पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने रस्त्यांवरचे कितीतरी जुने पर्जन्यवृक्ष डोळ्यांदेखत वाळून गेले.

आपले ताम्हण

आता मी त्या धाग्याकडे येतो, ज्याचा उल्लेख आरंभी केला होता. क्रेप मर्टल ज्या लॅगरस्ट्रोमिया प्रजातीतले आहे, त्याच प्रजातीतले एक झाड आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. ते म्हणजे ताम्हण, ज्याला जारूळ असेही म्हणतात. कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठी ते आपसूक वाढते आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात जांभळ्या फुलांनी भरून जाते. त्याचीच आणखी भावंडे आपल्या रानांत आहेत: सोललेल्या फिकट सालीचा नाणा आणि पानगळीच्या जंगलातला बोंडारा. वाटेने जाताना आपण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

क्रेप मर्टलवरच्या त्या नव्या खवले किडीसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी या प्रजातीतल्या सहा जातींची तुलना केली. २०२०-२१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात किडीच्या माद्या सर्वांत कमी आढळल्या त्या ताम्हणावर. प्रतिकारक्षम वाण घडवण्यासाठी ताम्हणाचा उपयोग करावा, अशी सूचनाही त्यांनी केली. पन्नासच्या दशकात भुरीवरचे उत्तर एका जपानी बेटावरच्या रानटी झाडात सापडले होते. आज या किडीवरचे उत्तर ज्या झाडात शोधले जात आहे, ते आपल्या नदीकाठचे झाड आहे.

यात आनंद मानावा तेवढा थोडा. पण केवळ आनंद मानून भागणार नाही. ताम्हण आपले राज्यपुष्प आहे, हे किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असले तरी, निरनिराळ्या ओढ्यांकाठच्या ताम्हणांपैकी कोणत्याची पाने निरोगी राहतात, कोणते अधिक काळ फुलते, याच्या नोंदी कोणी ठेवल्या आहेत? रस्तारुंदीकरणात आणि नदीकाठच्या भरावात यातले एखादे जुने झाड जाते, तेव्हा नुसते लाकूड जात नाही. त्या झाडाचा आगळा वंश जातो, आणि त्यात कोणते बळ होते हे पाहण्याची संधीही जाते.

आपल्याकडे असे काम होऊ शकत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. गव्हाच्या तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा 'एनपी ८०९' हा वाण त्यांच्या संशोधनातून आला. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. हेच डॉ. पाल गुलाबाचे आणि बोगनवेलीचे निष्णात संवर्धक होते. गुलाबाचे कितीतरी भारतीय वाण त्यांनी घडवले. ज्या हातांनी देशाच्या भाकरीची काळजी घेतली, त्याच हातांनी फुलेही जोपासली. अन्न आणि शोभा यांत विरोध मानण्याचे कारण त्यांना कधी दिसले नाही.

आपण काय करू शकतो?

संकर करणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. पण चांगले झाड निवडणे, ते नोंदणे आणि जपणे हे तुमचे-माझे काम आहे. त्यासाठी चार गोष्टी सुचवतो.

पहिली, वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरवताना फुलांचा रंग शेवटी पाहावा. हे झाड आपल्या पावसात, आपल्या मातीत, औषधावाचून टिकते का, हे आधी विचारावे. गावातल्या जुन्या माळ्याला किंवा रोपवाटिकेतल्या अनुभवी माणसाला त्याचे उत्तर पुष्कळदा ठाऊक असते.

दुसरी, एकाच झाडाच्या ओळी लावू नयेत. वॉशिंग्टनच्या त्याच वृक्षोद्यानातले फ्रँक सांतामूर यांनी १९९० साली एक सोपा दंडक सांगितला होता. शहरातल्या एकूण झाडांत कोणतीही एक जात दहा टक्क्यांहून, एक प्रजाती वीस टक्क्यांहून आणि एक कुल तीस टक्क्यांहून अधिक नसावे. आपल्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात हा हिशेब एका रविवारी करता येईल.

तिसरी, बी गोळा करताना एकाच झाडाखालचे गोळा करू नये. निरनिराळ्या ठिकाणच्या आठ-दहा निरोगी, जुन्या झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे. त्यातून येणारी रोपे परस्परांहून वेगळी असतील आणि उद्या एखादी साथ आली तर त्यातली काही तरी वाचतील. कोणते बी कोणत्या झाडाचे, याची वही ठेवावी.

चौथी, झाडावर भुरी किंवा कीड दिसली की लगेच औषधाची बाटली शोधू नये. झाडाला पुरेसे ऊन मिळते का, दोन झाडांत हवा खेळते का, मुळाशी पाणी साचते का, हे आधी पाहावे. इतके करूनही एखादे झाड दरवर्षी आजारी पडत असेल, तर ते आपल्या जागेचे झाड नव्हे. ते काढून तेथे दुसरे योग्य झाड लावणे अधिक शहाणपणाचे. आणि शेजारी त्याच जातीचे एखादे झाड औषधावाचून निरोगी राहत असेल, तर त्याला खूणगाठ बांधा, त्याचे बी राखून ठेवा.

बंधू-भगिनींनो, पावसाळ्यापूर्वी वृक्षारोपणाच्या बैठका ठिकठिकाणी होतील. यंदा त्या बैठकांत किती खड्डे खणायचे एवढीच चर्चा न होता, कोणती झाडे, कोणाच्या बियांची आणि का, हाही प्रश्न विचारला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. प्रत्येक शाखेने, शाळेने, महिला मंडळाने आपल्या परिसरातली पाच निरोगी ताम्हणे शोधून त्यांची नोंद केली, तरी काही वर्षांत आपल्या राज्यपुष्पाचा एक मौल्यवान बीजसंग्रह उभा राहील. पुढे एखादा तरुण संशोधक त्यातून उत्तम वाण घडवील. तो दिवस पाहायला आपण असू किंवा नसू. बी मात्र आपण राखलेले असेल.